कोजागिरीचा चंद्र टॉवरच्या वर कधी येईल, हे ॲपवरून कसं काढायचं?

सचिव_गच्चीवाले

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका सात मजली सोसायटीचा सचिव. म्हणजे पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं आणि कोजागिरीचं दूध या तीन खात्यांचा बिनपगारी मंत्री. यंदा कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी आली आहे. दुसऱ्या दिवशी शाळा, ऑफिस सगळं. त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत कोणी थांबणार नाही. महिला मंडळाचा हुकूम असा: साडेसातला भेळ, आठला गाण्याच्या भेंड्या, आणि दुधात चंद्र दिसला की लगेच वाटप.

आता अडचण. आमच्या बरोब्बर पूर्वेला बावीस मजली टॉवर झालाय. पूर्वी सातलाच गच्चीवर चांदणं यायचं. गेल्या वर्षी ६ ऑक्टोबरला टॉवरच्या कडांना नुसता उजेड, चंद्राचा पत्ता नाही. पोरं पेंगायला लागली, दुधावर जाड साय धरली, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ‘टॉवरच्या सेक्रेटरीला फोन लावून विचारा, त्यांच्याकडे पोचला का’ असं चार वेळा म्हणाले. यंदा मला हे ऐकायचं नाही.

म्हणून चंद्राचं एक ॲप घेतलं. दिसायला झकास. चंद्राचा फोटो, किती टक्के प्रकाशित, उगवायची वेळ, मावळायची वेळ. पण चंद्रोदय साडेपाचच्या आसपास दाखवतंय, आणि त्याचा मला काय उपयोग? त्याला काय ठाऊक माझ्यासमोर टॉवर आहे ते. त्यात पौर्णिमा २६ तारखेला दाखवतंय. खजिनदारांनी तेवढंच धरलंय. ‘एक दिवस पुढे ढकला, सोमवारी दूधवाल्याकडे दूधही स्वस्त मिळेल.’ (हे त्यांनी कुठून काढलं, देव जाणे.) शिवाय फोन आकाशाकडे धरला की चंद्र कुठे आहे ते बाणाने दाखवतं म्हणे. काल धरला, तर बाण लिफ्टच्या मोटरच्या खोलीत शिरला.

जाता जाता आणखी एक. चौथ्या मजल्यावरच्या आजी संकष्टी करतात आणि चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, ‘हा टॉवर काही महिने आड येतो, काही महिने नाही.’ टॉवर काय उठून फिरायला जातो का? पण आजी उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत.

जाणकारांनी मदत करावी. ॲप कुठलं घेऊ, आणि त्यात नेमकं काय बघू?

नभांगण_नाशिक

सचिवसाहेब, तुम्ही घेतलंय ते चंद्राच्या कलांचं ॲप. तुम्हाला हवं जागा दाखवणारं. स्टेलॅरियम घ्या. फुकटातलंही चालेल. त्यात तारीख आणि वेळ पुढे नेता येते. २५ ऑक्टोबर लावा, जागा ठाणे करा, चंद्रावर बोट ठेवा. दोन आकडे दिसतील. एक दिगंश, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे किती अंश. पूर्व म्हणजे ९०. दुसरा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासून किती अंश वर. डोक्यावर म्हणजे ९०. तुमचा सगळा खेळ या दुसऱ्या आकड्यात आहे.

कुठल्याही ॲपमधला किंवा कॅलेंडरमधला चंद्रोदय हा सपाट क्षितिजाचा असतो. समुद्रावर असतं तसं. पुढे डोंगर आहे की टॉवर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा टॉवरचा माथा तुमच्या गच्चीवरून किती अंशांवर आहे ते मोजा, आणि चंद्राचा उन्नतांश त्याच्या वर कधी जातो ते ॲपमध्ये बघा. बस.

मोजायला आयफोनच्या मेजर ॲपमधलं लेव्हल चालतं. अँड्रॉइडवर ‘क्लायनोमीटर’ शोधलंत की ढिगाने ॲप मिळतील. फोनच्या लांब कडेवरून टॉवरच्या कठड्यावर नेम धरायचा आणि अंश वाचायचे. हात थरथरतो, म्हणून चार-पाचदा घ्या.

सचिव_गच्चीवाले

नाशिककर, तुमचे उपकार. नेम धरून मोजताना वॉचमनने ‘साहेब, काय शूट करताय’ म्हणून विचारलं, ते सोडा. एकदा ४९ आलं, एकदा ५३, एकदा ४७. म्हणून गणितच केलं. टॉवर बावीस मजले, आम्ही सात. फरक पंधरा मजल्यांचा. मजल्याला तीन मीटर धरले तर ४५ मीटर. वर त्यांची पाण्याची टाकी आहे, तिचे पाच. एकूण ५०. अंतर गूगल मॅपवर मोजलं: आमच्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यापासून ४० मीटर. टॉवरची रुंदी २५ मीटर. मुलीने कॅल्क्युलेटरवर टॅन उलटा करून ५१ अंश सांगितले.

म्हणजे चंद्र ५१ अंशांवर आला की आम्हाला दिसणार. बरोबर?

ट्रायपॉड_सातारा

बरोबर, पण घाई नको. मी किल्ल्यांमागून उगवणाऱ्या चंद्राचे फोटो काढतो, त्यामुळे हे गणित रोजचं.

२५ तारखेचा ठाण्याचा चंद्र मी बघितला. सूर्य मावळायच्या आधीच उगवतो, साधारण ७६ दिगंशावर, म्हणजे पूर्वेच्या किंचित डावीकडे. आपल्या अक्षांशावर तो बऱ्यापैकी सरळ वर चढतो, तासाला तेरा-चौदा अंश. साडेआठला ४२ च्या आसपास, नऊला ४८-४९, सव्वानऊच्या जरा आधी ५१. आणि नऊला दिगंश जवळजवळ नव्वद, म्हणजे बरोब्बर तुमच्या टॉवरच्या मधोमध. टाकीच्या मागून बाहेर पडणार.

आता माझा सल्ला. टॉवर हलत नाही, पण तुम्ही हलू शकता. गच्ची पूर्व-पश्चिम किती लांब आहे? पंधरा मीटर असेल तर पश्चिमेच्या कठड्याला जा. अंतर ५५ मीटर झालं, उंची तीच ५०, कोन ४२ अंशांवर उतरला. म्हणजे सव्वानऊचा चंद्र साडेआठला. पंधरा मीटर चालून पाऊण तास मिळाला! आमच्या धंद्यात यालाच प्लॅनिंग म्हणतात, आणि त्यासाठी फोटोपिल्स नाहीतर सन सर्व्हेयर वापरतात. नकाशावर पिन टाकली की चंद्राची रेघ निघते. पण कोजागिरीसाठी तुम्ही पैसे खर्चू नका. स्टेलॅरियम पुरेसं आहे.

सचिव_गच्चीवाले

अहो, पश्चिमेला आमचं वाळवण आणि डिश अँटेना. पण हे हलवता येईल. अँटेनाचा मालक कुरकुरेल, त्याला दोन पेले दूध जास्त.

पंचांगताई

खजिनदारांना आधी गप्प करते. ॲपमध्ये ‘पूर्ण चंद्र’ म्हणून जी वेळ असते ती एका क्षणाची असते. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर नेमकं १८० अंश होतं तो क्षण. यंदा तो २६ ऑक्टोबरला सकाळी पावणेदहाच्या सुमाराला आहे. आपली तिथी क्षणाची नसते. सूर्यापासून चंद्र दर १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. पौर्णिमा म्हणजे १६८ पासून १८० पर्यंतचा सगळा काळ. म्हणून ॲपचा पूर्ण चंद्र हा आपल्या पौर्णिमेचा शेवट असतो, सुरुवात नाही. तो क्षण सकाळी आला, तर आदल्या रात्री पौर्णिमा चालू असणारच.

कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते. ‘को जागर्ति’ विचारत लक्ष्मी फिरते ती त्या वेळी. २५ च्या मध्यरात्री पौर्णिमा आहे, २६ च्या मध्यरात्री प्रतिपदा. प्रश्न मिटला. गेल्या वर्षीही असंच होतं. कोजागिरी ६ ला आणि ॲपचा पूर्ण चंद्र ७ ला सकाळी सव्वानऊला. तेव्हा खजिनदार काही बोलले नव्हते वाटतं?

टक्क्यांचं विचाराल तर २५ ला रात्री नऊला चंद्र ९९ टक्क्यांच्या वर भरलेला असेल. डोळ्यांना पूर्णच दिसतो. तुमच्या ॲपवर संकष्टीच्या दिवशी सहज बघा, ८३ ते ९० च्या दरम्यान आकडा येईल. चतुर्थी म्हणजे काय ते टक्क्यांत.

नभांगण_नाशिक

पंचांगताईंना +१. बाणाचं राहिलं. सचिवसाहेब, फोनमधलं होकायंत्र म्हणजे एक चिमुकला चुंबकमापक. त्याच्याजवळ लोखंड आलं की तो भरकटतो. गच्चीवर काय काय असतं? लिफ्टची मोटर, टाकीची लोखंडी शिडी, कठड्यातल्या सळया. आणि तुमच्या फोनच्या कव्हरला चुंबकाचं झाकण असेल तर विचारूच नका. कव्हर काढा, मोटरच्या खोलीपासून लांब उभे राहा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा. तरी जमलं नाही तर फोनच्या माहितीत मॅग्नेटोमीटर आहे का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतोच. मग ॲप बिचारं अंदाजपंचे बाण फिरवतं.

खात्री करायची सोपी युक्ती: दिवसा ॲप उघडा आणि त्यातला सूर्य खऱ्या सूर्यावर बसतो का बघा. सूर्याकडे टक लावू नका. फोनची स्वतःची सावली कुठे पडते ते बघितलं तरी दिशा कळते. सूर्य जुळला तर रात्री चंद्रही जुळेल. फोनचं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नाही, असं कोणी सांगेल. महाराष्ट्रात हा फरक इतका किरकोळ आहे की तुमच्या टॉवरसाठी तो विसरा.

आणि ॲपला लोकेशनची परवानगी दिली आहे ना? नाहीतर कित्येक ॲप दिल्ली धरून बसतात.

सचिव_गच्चीवाले

लोकेशन बंद होतं. बॅटरी खातं म्हणून मीच सगळ्यांना बंद ठेवायला सांगतो. कव्हरलाही चुंबक निघालं. ते काढून पाण्याच्या टाकीपलीकडे उभा राहिलो तर सूर्य अगदी नीट बसला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, आता चंद्राची तालीम करा.’

आजींचं कोणीच बोललं नाही. त्या रोज लिफ्टमध्ये विचारतायत, ‘तुझ्या मोबाइलने काय सांगितलं?’

ट्रायपॉड_सातारा

आजी शंभर टक्के बरोबर आहेत. मला तर हा सगळ्यात मस्त भाग वाटला.

चंद्र दर वेळी एकाच जागी उगवत नाही. सूर्य वर्षभरात उत्तरायण-दक्षिणायन करतो, तेच चंद्र महिन्याभरात करतो. त्यात त्याची कक्षा सूर्याच्या मार्गाला पाच अंशांनी तिरकी, त्यामुळे सध्याच्या वर्षांत तो सूर्यापेक्षाही जास्त डावी-उजवीकडे जातो. आता तुमचा टॉवर बघा. २५ मीटर रुंद, ४० मीटरवर. म्हणजे पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सतरा-सतरा अंश. साधारण ७३ ते १०७ दिगंश एवढा पट्टा त्याने खाल्लाय. या पट्ट्यात चंद्र उगवला की संपलं. बाहेर उगवला की टॉवर नसल्यासारखाच.

कोजागिरीनंतरची संकष्टी २९ ऑक्टोबरला. त्या दिवशी चंद्र उगवतो साधारण ६० वर. पुढे चढताना ७० च्या आतच राहतो. म्हणजे टॉवरच्या डाव्या अंगाने, अडथळा न होता. आजींना सांगा, नेहमीच्या वेळेला जेवायला मिळेल. दिवाळीच्या आगेमागे असंच चालेल. उन्हाळ्यातल्या संकष्ट्यांना तो पार उजवीकडून, आग्नेयेकडून उगवतो, तेव्हाही मोकळा. मधल्या, म्हणजे श्रावणाच्या आणि माघाच्या सुमाराच्या संकष्ट्यांना तो ऐन पूर्वेला येतो आणि टॉवरमागे अडकतो. संकष्टीचा चंद्र आधीच रात्री नऊ-साडेनऊला उगवणार, वर साडेतीन तास टॉवर चढणार. मध्यरात्र उलटली.

आजींचा हिशोब ॲपशिवाय जमलाय. त्यांना विचारा, कुठल्या महिन्यात आड येतो. मी लावतो पैज, श्रावण सांगतील.

पंचांगताई

श्रावणात तसेही ढग असतात. चंद्र दिसतो कुठे! तेव्हा आपल्याकडे कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघतात, अर्घ्य देतात आणि जेवतात. आजींनाही ते चालायला हरकत नाही. फक्त वेळ आपल्या गावाची बघावी. मुंबई-ठाण्याच्या आधी नागपूरला चंद्र उगवतो, जवळपास पंचवीस मिनिटं. सहा अंश रेखांशाचा फरक आहे, एका अंशाला चार मिनिटं. नागपूरच्या सुनेने फोटो पाठवला म्हणून ठाण्याच्या सासूने ताट वाढून घेऊ नये, एवढंच.

दर्या_अलिबाग

अवांतर: आमच्याकडे चंद्राचं ॲप म्हणजे म्हाताऱ्यांचं तोंडी गणित. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही त्याच्या मागोमाग. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला पुरतं. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जातात. पुण्यामुंबईचे लोक वेळ न बघता जातात आणि आत अडकतात. कोजागिरीला उधाण असणार, किनाऱ्यावर बसून दूध पिणाऱ्यांनी गाडी वर लावावी.

मेलबर्नवासी

आमच्या इथल्या मंडळातही २५ लाच आहे. गंमत सांगतो. ठाण्याचं ॲप तसंच इथे आणलं तर चंद्राचं चित्र उलटं दिसतं. ‘दक्षिण गोलार्ध’ अशी सेटिंग असते, ती लावावी लागते. इथे चंद्र उत्तरेकडून जातो, आणि या कोजागिरीला चाळीस अंशांच्या वर चढणारच नाही. तुमचा टॉवर इथे असता तर गच्चीच्या पूर्व टोकावरून रात्रभर दिसला नसता, उत्तरेला सरकेपर्यंत तरी. तुमचं नशीब थोर आहे.

नभांगण_नाशिक

सचिवसाहेब, एक शेवटची गोष्ट, कारण गच्चीवर नक्की गोंधळ होणार. चंद्र दुधात ‘दिसायचा’ असेल तर माणसं कुठे उभी करणार? चंद्र पूर्वेला ४५ अंशांवर असेल तर पातेल्याच्या पश्चिमेला उभं राहून, पूर्वेकडे तोंड करून, तेवढ्याच कोनातून खाली बघायचं. पूर्वेला उभा राहिलेल्याला नुसतं दूध दिसेल, चंद्र नाही.

आणि पातेलं खोल नको. चंद्र ४५ अंशांवर असताना दूध काठापासून जेवढं खाली, तेवढी काठाची सावली दुधावर पडते. दूध वीतभर खाली असेल तर वीतभर सावली. तुमच्या बाजूच्या काठानेही तेवढंच झाकलं जातं. पसरट परात घ्या, काठोकाठ भरा, आणि साय काढा. सायीत चंद्र उमटत नाही. मध्यरात्री बाराला थांबणाऱ्यांची आणखी वेगळी अडचण. तेव्हा यंदाचा चंद्र ८५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. दुधात वाकून बघायला गेलात की तुमचंच डोकं आड येतं.

सचिव_गच्चीवाले

आजींनी ‘श्रावण आणि माघ’ सांगितलं. ट्रायपॉडसाहेब, पैज तुम्ही जिंकलात. २९ तारखेचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘हे मला माहीत होतं, तुझ्या मोबाइलला कळलं का ते विचारत होते.’

नोटीस बोर्डावर लावलेला मजकूर खाली देतोय. काही चुकलं असेल तर आजच सांगा, उद्या लॅमिनेट करणार:

‘कोजागिरी पौर्णिमा, रविवार २५ ऑक्टोबर. भेळ साडेसातला. चंद्र गच्चीच्या पश्चिम टोकाला साडेआठच्या सुमारास दिसेल, पूर्व टोकाला सव्वानऊच्या आसपास. सर्वांनी पश्चिमेला बसावे. दुधाची परात मध्ये, लहान मुले परातीच्या पश्चिमेला पुढे, मोठी माणसे मागे. परातीच्या पूर्वेला कोणीही उभे राहू नये. चौथ्या मजल्यावरील डिश अँटेना तात्पुरती हलवण्यात येईल. तारखेबाबत खजिनदारांशी चर्चा करू नये.’

पंचांगताई

‘ढगाळ असल्यास’ राहिलं. ऑक्टोबरचा पाऊस सांगून येत नाही. साडेनऊपर्यंत वाट बघून दूध वाटावे, असं एक वाक्य टाका, नाहीतर ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुन्हा टॉवरला फोन लावायला सांगतील.

सचिव_गच्चीवाले

टाकलं.